हाडांची मोजदाद

शाळेंतून निवृत्त होतांना झालेल्या निरोपसमारंभांत एका वक्त्यांनीं 'हाडाचा शिक्षक' या शब्दांनीं आमचा गौरव केला होता. टाळ्या झाल्या, आम्हीही मनांतून सुखावलों. परंतु माणसाच्या शरीरांत हाडें किती, कोणतीं व कशीं असतात, याविषयीं या हाडाच्या शिक्षकाचें ज्ञान केवढें तोकडें होतें, हें गेल्या महिन्यांत आमच्या नातीनें आम्हांस दाखवून दिलें. त्या हकीकतींत आमची फजिती आहे. पण तिच्या पाठोपाठ आमच्या घरापुढें एक प्रश्न येऊन उभा राहिला आहे, व तो वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांपुढें आज ना उद्यां येणार आहे, म्हणून ती सांगतों.

नात यंदा वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांत आहे. अभ्यासाकरितां महाविद्यालयानें पंधरा दिवसांच्या बोलीनें दिलेली खऱ्या अस्थींची एक पेटी घेऊन ती सुटींत घरीं आली. आमचें घर एकत्र कुटुंबाचें. पेटींत काय आहे हें कळतांच आमच्या वहिनींनीं, म्हणजे आमच्या दिवंगत थोरल्या बंधूंच्या पत्नींनीं, माजघराच्या दारांतूनच बजावलें, "भाऊजी, कुणा मेलेल्याचीं हाडें देवाच्या घरांत नकोत. शिवलें तर स्नान लागतें, हें तुम्हांला का मीं सांगायचें?" वहिनींचें वय आज अठ्ठ्याहत्तर, त्यांच्यापुढें घरांत कोणी बोलत नाहीं. पोर रडवेली झाली, आणि निवाड्याचें काम आमच्याकडे आलें.

आम्हीं मनुस्मृति काढली. मनुष्याच्या स्निग्ध, म्हणजे ओलसर अस्थीचा स्पर्श झाल्यास स्नान तिथें खरेंच सांगितलें आहे. परंतु अस्थि कोरडी असेल तर आचमन करून गाईस स्पर्श करावा किंवा सूर्याकडे पाहावें, एवढें पुरे. पेटींतल्या अस्थि अगदीं कोरड्या होत्या. गाय आणण्यापेक्षां सूर्य सोयीचा, म्हणून पेटी पूर्वेकडच्या पडवींत ठेवावी असें ठरलें. वहिनींनीं ग्रंथाचा मान राखला. मात्र पडवीकडे त्या फिरकल्या नाहींत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही पडवींत जाऊन बसलों. नातीनें विचारलें, "आजोबा, माणसाला हाडें किती?" आम्ही तत्काळ उत्तरलों, "३६०." चरकसंहितेंत हीच संख्या आहे, याज्ञवल्क्यस्मृतींतही हीच आहे, सुश्रुतानें ३०० धरली आहे व वेदवादी ३६० म्हणतात असें तोच नमूद करतो. नात म्हणाली, "आमच्याकडे २०६." मग आम्हीं ग्रंथप्रामाण्य, कालभेद, पाठभेद असे नाना मुद्दे पुढें केले. पोरीनें ते शांतपणें ऐकून घेतले आणि म्हटलें, "आजोबा, वाद नको. मोजूं या."

पेटींत शरीराच्या एकाच बाजूच्या अस्थि होत्या. दुसऱ्या बाजूचा हिशेब दुपटीनें करावयाचा. कवटी व चेहरा मिळून २२, दोन्ही कानांच्या आंत तीन तीन अशा ६, जिभेच्या मुळाशीं १, पाठीचा कणा २६, बरगड्या २४ आणि उरोस्थि १; हे झाले ८०. दोन्ही हात खांद्याच्या फऱ्यासकट ६४, दोन्ही पाय कमरेच्या हाडासकट ६२. एकूण २०६. यांतलीं १०६ हाडें केवळ पंजे व पाउलें यांतच आहेत, म्हणजे अर्ध्याहून अधिक. आम्हीं पाटीवर आंकडे मांडले, बेरीज दोनदां ताडून पाहिली, व ३६० चा शोध घेऊं लागलों.

चरकाच्या यादींत ३२ दांत, ३२ दांतांच्या खोबणी व २० नखें धरलीं आहेत. आजचें शास्त्र यांस हाडें म्हणत नाहीं. हे ८४ वजा जातां २७६ उरले. इथवर आमचा अभिमान शाबूत होता. कारण हाड कशास म्हणावें हा व्याख्येचा प्रश्न, चुकीचा नव्हे. पुढें बोटांच्या हाडांची संख्या आली : ६०, वीस बोटें, प्रत्येकीं तीन. नात म्हणाली, "आजोबा, आंगठा वाकवून पाहा."

आम्हीं आंगठा वाकवला. बाकीच्या बोटांत तीन पेरीं, आंगठ्यांत दोनच! पायाच्या आंगठ्यांतही दोन. म्हणजे हाडें ५६. तरी आम्हीं एक बचाव करून पाहिला : आंगठ्याचें तळहातांतलें हाड चांगलें हलतें, तें बोटांत धरलें असावें. पोरीनें विचारलें, "मग तळहात-तळपायांतलीं लांब हाडें चरकांनीं किती सांगितलीं आहेत?" आम्हीं ग्रंथ पाहिला. २०. म्हणजे तें हाड तिथें एकदां मोजलेलें होतेंच. आम्ही निरुत्तर झालों.

वाचकहो, आम्हांस लाज वाटली ती चरकाची नव्हे, स्वतःची. तीनशें साठ हा आंकडा आम्हीं वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांस मोठ्या अभिमानानें सांगितला. आणि ज्या आंगठ्यानें खडू धरून तो फळ्यावर लिहिला, त्या आंगठ्याकडे एकदांही पाहिलें नाहीं.

सुश्रुताकडून मात्र आम्हांस आशा होती. कारण पाहिल्याशिवाय शरीर कळत नाहीं, हें सांगणारा तोच. विषानें किंवा दीर्घ रोगानें न मेलेल्या माणसाचा, अतिवृद्ध नसलेला, सर्वांगपूर्ण देह घ्यावा. तो मुंज, कुश किंवा ताग यांनीं गुंडाळून, पिंजऱ्यांत घालून, आडबाजूच्या वाहत्या पाण्यांत ठेवावा. सात रात्रींनंतर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्यानें हळूहळू घासावा व एकेक थर डोळ्यांनीं पाहावा, असा विधि त्यानें शारीरस्थानांत दिला आहे. त्याच्या मतें एका पायांत ३० हाडें, तितकींच प्रत्येक हातांत; चारी मिळून १२०. नातीनें खांद्याचीं व कमरेचीं हाडें वेगळीं ठेवून उरलेलीं मोजलीं : पाय ३०, हात ३०. चारींचीं मिळून बरोबर १२०! आम्हीं आनंदानें मांडीवर थाप मारली.

"थांबा, आजोबा," ती म्हणाली, "पायऱ्या तपासा." पाहतों तों सुश्रुतानेंही बोटांचीं हाडें पंधरा पंधरा धरलेलीं, आंगठ्याचें एक अधिक झालें आहे, तें पाउलाच्या मधल्या भागांत एक कमी पडून भरून निघालें आहे. हातांचें तर त्यानें निराळें वर्णनच केलें नाहीं. पायावरून जाणावें, एवढेंच म्हटलें आहे. पण गुडघ्याला वाटी असते तशी कोपराला नसते. उलट घोट्याच्या भागांत टाचेसकट सात हाडें, तर मनगटांत आठ. अधिकउणें जुळून बेरीज तेवढी तंतोतंत आली. उत्तर बरोबर, रीत चूक! अशा वह्या आम्हीं जन्मभर तांबड्या शाईनें तपासल्या. अशा विद्यार्थ्यास आम्ही पूर्ण गुण देत नसूं. शून्यही देत नसूं. सुश्रुताचे उरलेले १८० आंकडे धडाचे व डोक्याचे. तेथें आज ८६ च हाडें मोजतात. परंतु त्यानें दांत धरले, कोंवळीं हाडें म्हणजे कूर्चा धरल्या, दोन्ही कुशींत मिळून ७२ धरलीं, हें ध्यानीं घेतलें म्हणजे अंतर पुष्कळ कमी होतें. या जुन्या याद्यांचा बारकाईनें मेळ घालणारा ग्रंथ डॉ. रुडॉल्फ हर्नले यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केला.

हा दोष एकट्या आपल्या देशाचा नव्हे. खालचा जबडा दोन हाडांचा आहे असें ग्रीक वैद्य गॅलन यानें लिहून ठेवलें, व तें युरोपांत शतकानुशतकें पढविलें गेलें. १५४३ सालीं व्हेसेलियसनें आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, मोठ्या माणसांत तो एकच हाडाचा असतो. दोष ऋषींचा नाहीं, वैद्यांचाही नाहीं. त्यांचें पाठ करणाऱ्यांचा आहे. सुश्रुतानें 'पाहा' म्हटलें, आम्हीं त्याचेंही पाठांतर केलें.

आणि २०६ हा आंकडाही वेदवाक्य नव्हे, हें नातीनेंच सांगितलें. जन्मलेल्या मुलाचे अस्थिभाग पावणेतीनशेंच्या घरांत असतात. वाढतां वाढतां ते जुळत जातात. कमरेच्या हाडाच्या प्रत्येक बाजूस तीन भाग असतात, ते कुमारवयांत एक होतात. कण्याच्या खालच्या पांच मणक्यांचें मिळून एक त्रिकास्थि होतें. गळ्याखालचें हांसळीचें हाड गर्भांत सर्वांत आधीं घडूं लागतें, व त्याचें आंतलें टोंक विशीनंतर कांहीं वर्षांनीं सर्वांत शेवटीं जुळतें. नात अठरा वर्षांची आहे. आम्हीं म्हटलें, "म्हणजे तुझीच मोजणी अजून पुरी झालेली नाहीं." ती हंसली.

हें चाललें असतां पडवीच्या दारांत वहिनी येऊन उभ्या आहेत, हें आम्हांस उशिरां कळलें. गेल्या वर्षीं न्हाणीघरांत पाय घसरून त्यांचा खुबा मोडला होता; शस्त्रक्रिया होऊन तेथें धातूचा गोळा बसविला आहे. त्यांनीं नातीस विचारलें, "माझें मोडलें तें यांतलें कुठलें गं?"

नातीनें मांडीचें लांब हाड उचललें. त्याच्या वरच्या टोंकास चेंडूसारखा गोळा, तो कमरेच्या हाडाच्या वाटींत बसतो. आणि गोळ्याच्या खालीं बारीकशी तिरकी मान. "इथें, मोठ्या आजी. वय झालें म्हणजे हाडाच्या आंतली जाळी विरळ होते, मग ही मान साध्या पडण्यानेंही मोडते. गोळ्याला रक्त बहुतेक या मानेवरूनच जातें. ती मोडून सरकली कीं तो उपाशी राहतो. म्हणून तो बदलावा लागला." वहिनी बराच वेळ त्या मानेकडे पाहत राहिल्या. मग त्यांनीं बोट पुढें करून तिला स्पर्श केला. सूर्य समोरच होता.

"हा कोण होता?" त्यांनीं विचारलें. नात म्हणाली, "माहीत नाहीं, मोठ्या आजी."

या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां कोणासच माहीत नसतें. १९८५ सालीं भारत सरकारनें मानवी सांगाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. तोंपर्यंत जगांतील वैद्यकीय शाळांस सांगाडे पुरविणाऱ्यांत आपला देश सर्वांत पुढें होता, आणि त्या व्यापाराचें मोठें ठाणें कलकत्ता हें होतें. ते सांगाडे बहुतेक दरिद्री, बेवारस मृतांचे. त्यांस कोणीं विचारलें नव्हतें. मुंबई प्रांतांत १९४९ सालीं झालेल्या कायद्यानें बेवारस देह शिक्षणाकरितां महाविद्यालयांस देण्याची सोय झाली. तेथेंही मृताची अनुमति घेतलेली नसते. ज्यास मरणानंतर कोणी नाहीं, त्याच्या हाडांवर आमचीं मुलें शिकतात व आमचे खुबे नीट होतात. आणि तींच हाडें घरांत नकोत, असेंही आम्हीच म्हणतों. याला उत्तर एकच : ज्यांचें कोणी आहे, ज्यांस विचारतां येतें, त्यांनीं जिवंतपणीं आपण होऊन देह द्यावा.

थोरल्या बंधूंच्या अस्थि आम्हीं याच हातांनीं वेंचून नाशिकास नेल्या होत्या. रामकुंडावर त्या सोडतांना मुठींत काय आहे, बरगडी कीं बोट, हें आम्हांस कळलें नव्हतें. तो विधि आम्हांस आजही पूज्य आहे. परंतु गंगेंत सोडलेली अस्थि एका घराचें समाधान करते, आणि नातीच्या हातांतल्या या अनामिक अस्थीनें दोन पिढ्यांस शिकविलें, हेंही आमच्या डोळ्यांपुढें आहे.

महाविद्यालयांतून देहदानाचा अर्ज नातीनें आणून दिला आहे. त्यावर आम्हीं सही केली. पण मरणानंतर देह पोंचता करावयाचा तो घरच्यांनीं. त्यांचें मन नसेल तर आमच्या सहीचा उपयोग नाहीं. आमच्या कुटुंबाची सही अजून झालेली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "मग मीं नाशिकास काय न्यायचें?" याचें उत्तर आमच्यापाशीं नाहीं, व घाई करण्याचा आमचा अधिकारही नाहीं. अर्ज देवघराच्या कोनाड्यांत आहे.

पेटी परत न्यावयाच्या आदल्या रात्रीं वहिनींनीं नातीस जवळ बोलाविलें. आम्ही शेजारच्या खोलींत जागेच होतों. त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्या कॉलेजांत विचारून ठेव गं. माझा एक खुबा धातूचा आहे. चालेल का त्यांना?"