पानावरचे ठिपके आणि जपलेला पुरावा

१/ दप्तर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोडी कागदांचे रुमाल येतात. आजचे दप्तर निराळे आहे: प्रयोगशाळेत जपलेल्या बुरशीच्या नमुन्यांचे. माझे मत आरंभीच मांडतो. शेतकऱ्याला औषधाइतकीच या दप्तराची गरज आहे.

२/ ‘सर्कोस्पोरा सोजिना’ ही बुरशी सोयाबीनच्या पानांवर राखट मध्याचे, गडद कडेचे गोल ठिपके पाडते. जणू बेडकाचे डोळे. जपानात १९१५ साली आणि अमेरिकेत १९२४ साली हा रोग आढळला.

३/ १९९६ साली स्ट्रॉबिल्युरिन गटाची बुरशीनाशके बाजारात आली. ती बुरशीच्या श्वसनातील एकाच प्रथिनावर घाव घालतात. त्या प्रथिनात १४३व्या स्थानी ग्लायसिनऐवजी ॲलनिन आले की घाव वाया जातो. असा बदल झालेली विरळ बुरशी फवारणीतून वाचते आणि तिचाच वंश वाढतो.

४/ २०१० साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात फवारणीनंतरही ठिपके पसरले. दोष फवारणीचा की बुरशीचा? निवाडा जुन्या नमुन्यांनी केला. ही औषधे येण्यापूर्वी गोळा केलेली बुरशी संशोधकांनी जपून ठेवली होती. ती अत्यल्प मात्रेने रोखली गेली. टेनेसीची बुरशी मात्र कितीतरी अधिक मात्रेलाही बधली नाही.

५/ कोणी म्हणेल, आता जनुकीय चाचणी आहे. जुने नमुने सांभाळण्याचा खर्च कशाला? परंतु ती चाचणी ठाऊक असलेला बदलच शोधते. नवा बदल ओळखायचा तर ‘पूर्वी काय होते’ हे ठाऊक हवे. पूर्वस्थितीचा पुरावा नसेल, तर शेतकरी मात्रा वाढवत राहतो, खर्च वाढतो आणि प्रतिकारक बुरशीच निवडली जाते.

६/ आपल्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात सोयाबीनवर तांबेरा येतो. ब्राझीलमध्ये २००१ साली शिरलेल्या याच रोगापुढे पुढील दोन दशकांत औषधांचे एकाहून अधिक गट दुबळे पडले. म्हणून दर हंगामात नमुने गोळा व्हावेत, गाव आणि तारखेसह जपले जावेत आणि निष्कर्ष शेतकऱ्यांसाठी खुले असावेत. औषध निकामी झाल्यावर आरंभलेल्या नोंदीत त्याच्या उत्तम काळाचे पान कधीच सापडणार नाही.