घरचं वाय-फाय : दोन नावांपैकी कोणतं निवडावं?

आमच्या अम्मी चार महिन्यांपासून अंथरुणाला खिळून आहेत. दर जुम्म्याला कुवेतहून नातवाचा व्हिडिओ कॉल येतो, त्याची त्या आठवडाभर वाट पाहतात. मध्यंतरी दोन जुम्मे त्याचा चेहरा क्षणभर दिसायचा नि गोठायचा. आम्ही नेटवाल्याला दोष दिला, पण चूक आमचीच निघाली.

बहुतेक राउटर आता दोन पट्ट्यांवर चालतात : २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. म्हणूनच फोनवर घरच्या वाय-फायची दोन नावं दिसतात. एकाच्या शेवटी ‘५जी’ लिहिलेलं असतं. ही मोबाइलची ५जी नव्हे, फक्त पट्ट्याची खूण आहे.

५चा वेग जास्त, पण भिंती आल्या की तो लवकर क्षीण होतो. २.४चा वेग कमी, पण तो लांब पोहोचतो. आम्ही वेगाच्या मोहाने सगळे फोन ५वर जोडले होते आणि अम्मींची खोली राउटरपासून जांभ्याच्या दोन जाड भिंतींपलीकडे! त्यांचा फोन २.४वर जोडला आणि काम झालं.

तेव्हा भगिनींनो, राउटर असलेल्या खोलीत मुलांचा ऑनलाइन क्लास किंवा टीव्ही ५वर ठेवा. आतल्या खोल्यांना २.४ द्या. जुने फोन, प्रिंटर, स्मार्ट बल्ब बहुधा २.४वरच चालतात. ते जोडले जात नसतील तर बिघडले असं समजू नका, आधी नाव बदलून पाहा.

इमारतीत राहणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथे २.४वर शेजाऱ्यांची गर्दी असते. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यातला कमी गर्दीचा निवडा. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्याच्या आसपास चालतो, म्हणून राउटर त्याच्यापासून दूर हवा.

महागडा प्लॅन घेण्याआधी राउटर कपाटामागून काढून घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवा. मग अडचणीच्या खोलीत दोन्ही नावं एकेक दिवस वापरून पाहा.

गेल्या जुम्म्याला अम्मींनी नातवाला निरखून पाहिलं आणि पहिलं वाक्य टाकलं : “किती सुकलास रे!”