जनुकांवरून ठरणार रसायन किती घातक. पण निकालासोबत हिशेब कोण देणार?

एखादे रसायन किती प्रमाणात घातक आहे हे ठरवायला उंदरांवर महिनोन् महिने, कधी दोन-दोन वर्षे चाचण्या चालतात. आता हे काम पाच दिवसांच्या चाचणीवर आले आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये पीएफएएस गटातल्या ‘मोपा’ या रसायनाचे मूल्यमापन असेच केले.

पद्धत अशी: उंदरांना वेगवेगळ्या मात्रेत रसायन द्यायचे आणि यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांत कोणती जनुके जास्त काम करू लागली, कोणती थंडावली ते मोजायचे. हा बदल ज्या मात्रेला सुरू होतो, तिच्यावरून माणसासाठीची मर्यादा काढली जाते.

खरी गोम इथेच आहे. एका चाचणीत हजारो जनुकांचे आकडे निघतात. रसायन न दिलेले नमुने सोमवारी आणि दिलेले शुक्रवारी तपासले, तर फरक रसायनाने पडला की वेगळ्या दिवशीच्या कामाने, हे कळत नाही. कोणते नमुने वगळले, आकडेमोड कशी केली, यानेही निकाल फिरतो. हे सांगितलेच नाही तर अहवाल म्हणजे व्हाउचरशिवायचा ताळेबंद.

ही भीती हवेतली नाही. जनुकांच्या मोजणीबाबत किमान कोणती माहिती द्यावी याचे निकष २००१ मध्येच आले होते. तरी २००९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मधल्या १८ शोधनिबंधांची आकडेमोड पुन्हा करून पाहिली, तेव्हा दोनच जुळले. सहा थोडेफार जुळले, दहा जुळवताच आले नाहीत. मुख्य कारण, मूळ डेटाच मिळाला नाही. ते निबंध विषशास्त्राचे नव्हते, पण होते जनुकांच्या मोजणीचेच.

‘ओईसीडी’ने २०२३ मध्ये विषशास्त्रासाठी स्वतंत्र आराखडा दिला. नमुने कसे घेतले इथपासून आकडेमोडीपर्यंत प्रत्येक टप्पा त्यात नोंदवायचा असतो. मात्र ही मार्गदर्शक सूचना आहे, सक्ती नाही.

भारताचा संबंध थेट आहे. २०११ पासून भारत ओईसीडीच्या परस्पर डेटा मान्यता व्यवस्थेत आहे. इथल्या जीएलपी प्रयोगशाळांचे सुरक्षा-चाचणी अहवाल इतर सदस्य देश स्वीकारतात. डेटा ठेवायला २०२२ पासून फरीदाबादला राष्ट्रीय केंद्रही आहे. म्हणजे सोय आहे, प्रश्न सक्तीचा आहे.

पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढे कर्नाटकात जाते. उद्या अशा पाण्याबद्दल ‘धोका नाही’ असा जनुकांवर आधारलेला अहवाल आला, तर दोन्ही राज्यांतल्या लोकांनी आधी एकच विचारावे: मूळ आकडे कुठे आहेत?