हा खर्च कोणत्या खाती मांडावा?

व्यापारी घरात प्रत्येक खर्चाला खाते असते. हमाली, भाडे, बारदान, लग्नकार्य, दानधर्म, सर्वांची पाने ठरलेली असतात. परंतु शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेल्या मुलाने किंवा मुलीने वैरागच्या घरी फोन करून, "बाबा, जुन्या दोन पंखी विमानातून एक फेरी मारायची आहे, थोडे पैसे पाठवा," अशी मागणी केली, तर आडतीच्या गादीवर बसलेल्या वडिलांनी ती रक्कम कोठे लिहावी? प्रसंग कल्पिलेला असला तरी अशक्य कोटीतील नाही. डक्सफर्ड येथील युद्धसंग्रहालयाच्या धावपट्टीवरून अशा जुन्या विमानांतून तिकीट काढून आजही फेरी मारता येते. काही मिनिटांची ही हौस स्वस्त नसते आणि परत येताना हातात कोणताही माल नसतो. तेव्हा वडिलांच्या मनात शंका येणे स्वाभाविकच आहे.

ही फेरी असते तरी कशी, हे प्रथम पाहू. अशा विमानांत सर्वांत परिचित नाव 'टायगर मॉथ' हे होय. त्याचे पहिले उड्डाण १९३१ साली झाले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख आणि त्यांवर ताणून बसविलेले, लेप देऊन घट्ट केलेले कापड, अशी त्याची रचना. एकावर एक असे दोन पंख तारांनी व खांबांनी परस्परांना बांधलेले असतात. इंजिन सुमारे १३० अश्वशक्तीचे, म्हणजे आजच्या एखाद्या मोटारीएवढे. वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास. समोरचा पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करावे लागते. डोक्यावर छप्पर नसते. प्रवासी पुढच्या आसनावर बसतो आणि वैमानिक त्याच्या मागे. ज्याच्या हाती आपला जीव सोपविला तो माणूस प्रवाशाला दिसतच नाही. दिसतात ते पंख, तारा आणि मोकळे आकाश. सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली आहेत. त्यांच्या बंद दालनात बसलेल्याला आपण कशाच्या आधारावर तरंगत आहोत याचा विसर पडतो. उघड्या विमानात तो विसर पडूच शकत नाही.

अशाच एका छोट्या फेरीचा जमाखर्च इतिहासात नोंदलेला आहे. जे. आर. डी. टाटा वयाच्या पंधराव्या वर्षी फ्रान्समधील हार्डेलो या समुद्रकाठच्या गावी सुट्टीत राहिले असता एका लहान विमानात प्रवासी म्हणून बसले. ती निव्वळ हौसेची फेरी होती. परंतु आपण वैमानिक व्हायचे हे त्यांनी तेव्हाच ठरविले. पुढे अनेक वर्षे संधी मिळाली नाही. मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू होताच ते तेथे दाखल झाले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांच्या हाती आला.

त्याच वर्षी आगाखानांनी इंग्लंड व भारत यांच्या दरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी पाचशे पौंडांचे बक्षीस लावले. जे. आर. डी. कराचीहून लंडनकडे निघाले, तर तरुण अस्पी इंजिनियर लंडनहून कराचीकडे. दोघांचीही विमाने 'जिप्सी मॉथ', म्हणजे दोन पंखीच. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पींचे विमान स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले. बक्षीस अस्पींनी जिंकले, आणि पुढे ते भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. जे. आर. डीं.नी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणून देशात नियमित हवाई टपालसेवेचा पाया घातला. अहमदाबादला त्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले गेले होते. जोंधळ्याची पोती बैलगाडीने बाजारात येताना ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाहिली, त्यांना हे चित्र परके वाटू नये.

दुसरे उदाहरण तर आपल्या जिल्ह्यातील व आपल्याच समाजातील आहे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरचा धंदा कापसाचा व सावकारीचा. रेल्वेची कंत्राटे, जहाजे, साखर असा पसारा वाढवीत ते १९३९ मध्ये पॅसिफिक महासागरावरून विमानाने प्रवास करीत होते. वय सत्तावन्नाच्या घरात. त्या प्रवासात विल्यम पॉली हे अमेरिकन उद्योजक त्यांना भेटले. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत असत. इतर प्रवाशांनी तो वेळ झोपेत घालविला असता. वालचंदांनी मात्र कारखान्याची बोलणी सुरू केली. २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळुरू येथे 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' ही कंपनी स्थापन झाली. युद्धकाळात, १९४२ साली, सरकारने तो कारखाना आपल्या ताब्यात घेतला. केवळ नफ्याच्या दृष्टीने पाहिले तर हा व्यवहार शेठजींना लाभला असे म्हणता येणार नाही. परंतु त्याच कारखान्यात कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी 'एचटी-२' या शिकाऊ विमानाची रचना केली. १९५१ साली ते उडाले आणि पुढे वायुसेनेच्या प्रशिक्षणात त्याने 'टायगर मॉथ'ची जागा घेतली. परदेशी बनावटीच्या दोन पंखी विमानावर शिकणारी आपली मुले आपल्या देशात आखलेल्या विमानावर शिकू लागली, त्यामागे सोलापूरच्या एका व्यापाऱ्याची दूरदृष्टी होती.

याचा अर्थ विमानात बसलेले प्रत्येक मूल टाटा किंवा वालचंद होईल, असा मुळीच नाही. बहुतेकजण छायाचित्रे घेऊन परततात, आणि त्यातही काही वावगे नाही. वडिलांनी मागणी ऐकताच होकार द्यावा असेही नाही. विमान चालविणाऱ्या संस्थेला रीतसर परवाना आहे काय, प्रवाशाचा विमा कसा आहे, हवामान बिघडल्यास पैसे परत मिळतात काय, हे विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. किंबहुना, माल पारखून घेणाऱ्याने ते विचारलेच पाहिजे. फेरीचे पैसे मुलाने स्वतःच्या कमाईतून किंवा खर्चातून वाचवून जमविले, तर अधिकच चांगले.

परंतु "यातून मिळणार काय?" एवढ्याच प्रश्नावर फोन ठेवू नये. मूल परत आल्यावर त्याला विचारावे : पंखावरचे कापड कशाने ताणले होते? उड्डाणापूर्वी कोणकोणत्या गोष्टी तपासल्या? मागे बसलेल्या माणसावर तू कशाच्या भरवशावर विश्वास टाकलास? या प्रश्नांची उत्तरे मूल उत्साहाने देऊ लागले, तर ती रक्कम चैनीच्या पानावरून खोडावी आणि शिक्षणाच्या खाती ओढावी. आणि मुलाने त्यापुढे जाऊन काही शिकण्याची इच्छा दाखविली, तर दुकान कोण सांभाळणार ही चिंता त्या दिवसापुरती बाजूला ठेवून त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे. सोलापूरच्या त्या घराण्यानेही आपल्या मुलाला कापसाच्या गाठींपाशी बांधून ठेवले नव्हते.