पुस्तक एकच, पण कबरीला जागा नाही

पोस्ट लांबलीय, माफ करा. बरेच दिवस पोटात होतं ते लिहितोय. कुणाला लागणार असेल तर आधीच सांगतो, मीही तुमच्यातलाच आहे. संडेस्कूलमध्ये वचनं पाठ करून पेन्सिली जिंकलेला.

दर जानेवारीत १८ ते २५ तारखेला ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो. आमच्या गावातही होतो. बॅनर लागतो, तीन पाळक आणि एक फादर स्टेजवर बसतात, शाली दिल्या-घेतल्या जातात. मी बातमी करतो, ‘ख्रिस्ती बांधवांच्या ऐक्याचे दर्शन’, फोटोसह. शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात आणि दरवर्षी तिथंच घोटाळा होतो. कॅथलिक मंडळी एका जागी थांबतात, आपण गौरवाचं शेवटचं वाक्य जोरात पुढं रेटतो. मागच्या बाकावरची पोरं हसतात. मत्तयाच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ते वाक्य नाही, आणि कॅथलिकही मिस्सेत थोड्या वेळानं तेच म्हणतात. म्हणजे भांडणाचं कारणच नाही. पण इतक्या वर्षांत एकानंही माईक हातात घेऊन दोन मिनिटं हे समजावून सांगितलेलं मी ऐकलं नाही. आपल्या ऐक्याची खोली एवढीच!

आता खरं कारण. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतले एक काका वारले. आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होते. बाप्तिस्मा, लग्न, पोरांची नावं, सगळं जुन्या चर्चच्या रजिस्टरला. शेवटची आठ-दहा वर्षं मुलाबरोबर पत्र्याच्या शेडमधल्या उपासनेला जायचे, कारण तिथं त्यांच्यासाठी कुणीतरी गुडघे टेकून प्रार्थना करायचं. दफनाची वेळ आली तेव्हा कमिटी म्हणाली, वर्गणी थकलीय, आणि ते आता आमच्यातले नाहीत. शेडवाल्या पास्टरांकडं स्वतःची जमीन नव्हती. शिवाय त्यांनी आधीच माईकवरून सांगून ठेवलं होतं की जुन्या चर्चच्या लोकांचं तारण झालेलंच नाही, त्यामुळे रदबदली करायला तोंडही नव्हतं. सकाळी दहापासून प्रेत अंगणात. संध्याकाळी टेम्पोनं नेऊन मेहुण्याच्या शेताच्या बांधावर पुरलं.

मी बातमी केली नाही. माझे चुलते त्या कमिटीत होते.

तेव्हापासून पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र मला नीट वाचवत नाही. पहिल्याच अध्यायात तो विचारतो, तुम्ही कुणी पौलाचे, कुणी अपुल्लोसाचे, कुणी केफाचे म्हणवता, ख्रिस्ताचे तुकडे झालेत का? सहाव्यात भाऊ भावाला कोर्टात खेचतो म्हणून झापतो. आणि अकराव्यात प्रभुभोजन. आपण काय करतो? अकराव्यातल्या दहा-बारा ओळी दर प्रभुभोजनाला वाचतो, पहिला आणि सहावा गुंडाळून ठेवतो. बरं, अकराव्यातलंही ते ‘अयोग्य रीतीनं खाण्याचं’ वचन आपण दुसऱ्या पंथाच्या माणसाला मेजावरून उठवायला वापरतो. मागच्या ओळी वाचा की! तिथं भानगड पंथाची नाहीच. खात्यापित्या घरचे आधीच जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतो, यावर पौल तापलाय. एकमेकांसाठी थांबा, असं सांगतोय. ज्या वचनानं आपण दार लावतो, ते वचन दार लावणाऱ्यांबद्दल आहे.

आणि आपल्याकडं उपाशी कोण, दाराबाहेर कोण, हे पंथ न विचारताही कळतं. आडनाव पुरतं. महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती, वसईकडं सामवेदी, वाडवळ. जेवणाची पंगत एक झाली, सोयरीक अजून जात बघून. यावर मात्र सगळ्या पंथांचं चांगलं एकमत आहे.

कुणी म्हणेल, ऐक्य झालंय की. झालंय. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, ब्रदरन अशी परदेशातून आलेली भांडणं इथं मिटवायची, ही मोठीच गोष्ट होती. वाटाघाटींतली एक मेथडिस्ट शाखा शेवटच्या क्षणी बाहेर राहिली. पुढं काय झालं? गुजरातेतल्या ब्रदरन चर्चच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ट्रस्टचे कागद एक झाले, वाचन एक झालंच नाही. सहावा अध्याय कुणी उघडलाच नसावा.

‘शास्त्र स्पष्ट आहे, आमच्याकडं या म्हणजे ऐक्य होईल,’ असं सांगणाऱ्या पास्टरांना माझा साधा प्रश्न आहे. स्पष्ट आहे तर पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी भाषांतरात आयुष्याची शेवटची वर्षं का घातली? आजारपणातही केडगावात बसून त्यांनी ते पुरं केलं, १९२२ ला गेल्या. का, तर घरातल्या साध्या बाईला कळावं म्हणून. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ का केलं? त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, इतर वाचकांनी ते घेतलं, आणि आमच्या गावातल्या एका पाळकसाहेबांनी मला सांगितलं, ‘ते कॅथलिकांचं आहे, आपण नको.’ उघडून पाहिलं का, विचारलं. नाही म्हणाले. नारायण वामन टिळकांनी तर १९१७ ला ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही. त्यांची गाणी आपण प्रत्येक चर्चमध्ये गातो. त्यांचा दरबार मात्र कुणाला परवडला नाही.

मतभेद मिटत नसतात असं नाही. माणूस नीतिमान कशानं ठरतो, या प्रश्नावर सोळाव्या शतकात युरोप फाटला. त्यावर कॅथलिक आणि लुथेरन लोक कित्येक वर्षं शास्त्र पुढ्यात ठेवून बसले आणि ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये संयुक्त घोषणेवर सह्या झाल्या. २००६ ला मेथडिस्टही आले. कुणी आपला पंथ सोडला नाही, सगळे मुद्दे सुटलेही नाहीत. पण एकमेकांचं ऐकून वाचलं. त्यांना पाचशे वर्षांचं भांडण सोडवता येतं आणि आपल्याला अर्धा एकर कब्रस्तान सोडवत नाही?

तर येत्या रविवारी संध्याकाळी सहाला माझ्या ओट्यावर करिंथकरांस पहिलं पत्र वाचायला बसतोय. बायबल सोसायटीचं, रमाबाईंचं आणि दिब्रिटोंचं, तिन्ही भाषांतरं ठेवतो. प्रवचन नाही, वर्गणी नाही, चहा आहे. शेडवाले पास्टर येतो म्हणालेत. काकांचा मुलगाही येतोय. चुलत्यांना निरोप दिलाय, ते अजून काही बोललेले नाहीत.