कांचेच्या हौदाला आडबंध

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांत एक नवी हौस शिरली आहे. पूर्वीं मासे पाळावयाचे म्हणजे चौकटींत बसविलेली कांचेची पेटी आणीत. आतां चौकट नको, वरची कडही नको. जणूं पाणीच हवेंत उभें केलें आहे असा नुसत्या कांचेचा हौद हवा असतो. ही अभिरुचि लोकप्रिय करण्यांत जपानांतील ताकाशी अमानो (१९५४–२०१५) या छायाचित्रकाराचा मोठा वांटा आहे. देखावा मनोहर आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्याच हौदापुढें घरांतील लेकरें चटई टाकून बसतात. म्हणून तो उभा कशाच्या बळावर राहतो, हें गृहस्थानें एकदां तरी पाहिलें पाहिजे.

उदाहरणादाखल आंतून १२० सें. मी. लांब, ४५ रुंद व ४५ उंच असा १० मि. मी. कांचेचा हौद घेऊं. त्यांत ४२ सें. मी. पाणी भरलें, तर तें सुमारें २२५ लिटर, म्हणजे तितकेच किलोग्रॅम होतें. हें वजन तळ सोसतो. तें कोणाच्याही ध्यानांत येतें. ध्यानांत येत नाहीं तो आडवा रेटा. पृष्ठभागीं दाब शून्य, तळाशीं प्रत्येक चौरस सें. मी.वर ४२ ग्रॅम, म्हणजे सरासरी २१. पुढील कांचेचें भिजलेलें क्षेत्र ५०४० चौ. सें. मी.; तेव्हां एकंदर रेटा जवळजवळ १०६ किलोग्रॅम झाला. दोन प्रौढ माणसें आंतून अहोरात्र कांच ढकलीत आहेत, असें समजावें. हौदाची रुंदी दुप्पट केली तरी हा रेटा वाढत नाहीं. पाण्याची उंची ६० सें. मी. केली तर मात्र तो दुप्पट होतो. दाब पाण्याच्या सांठ्यावर नसून खोलीवर अवलंबून असतो, हा सिद्धान्त सायमन स्टेव्हिन यानें १५८६ सालींच मांडून ठेविला आहे.

आतां गंमत अशी, कीं रेटा तळाशीं अधिक असूनही कांच वांकते ती वरच्या कांठाच्या मध्यभागीं. कारण उघड आहे. खालची कड व दोन्ही बाजू सांध्यांनीं धरलेल्या आहेत. वरची कड तेवढी मोकळी. बुरूड टोपली विणून झाल्यावर कांठाला वेगळी पट्टी बांधतो ती याचसाठीं. कांच वांकली कीं कोपऱ्यांतील सांधा ताणला जातो आणि खरें भय त्या ताणाचेंच असतें.

परीक्षा सोपी आहे. भरलेल्या हौदाची बाहेरील रुंदी वरच्या कांठाशीं दोन्ही टोंकांस मोजावी व मग मध्यभागीं मोजावी. टोंकांस ४७ सें. मी. आणि मध्यें ४७.४ भरली, तर प्रत्येक कांच २ मि. मी. वांकली आहे. हें अंतर महिन्यागणिक वाढत असेल तर विलंब करूं नये. सांधा पांढुरका होऊन सुटूं लागला असेल किंवा पाझरत असेल, तर मात्र पट्टी हा उपाय नव्हे. तो हौद उतरवून नव्यानेंच जोडला पाहिजे.

पट्ट्या त्याच जाडीच्या साध्या कांचेच्या, कडा घासून घेतलेल्या असाव्यात. टफन्ड कांच मागाहून कापतां येत नाहीं, हें लक्षांत ठेवावें. लांबीच्या दोन पट्ट्या ५ सें. मी. रुंद, आणि आडवी एक १५ सें. मी. रुंद, तिची लांबी आंतील रुंदीहून ३ मि. मी. कमी. सिलिकोन मत्स्यालयासाठींच केलेलें घ्यावें. स्नानगृहाच्या सिलिकोनांत पुष्कळदां बुरशीनाशक असतें. तें माशांस घातक होय.

मासे त्याच पाण्यांत, हवेच्या पंपासह, दुसरीकडे ठेवावे. गाळणीचा स्पंज वाळूं देऊं नये. त्यांतील उपकारक जंतू मरतात. हौदांत चार बोटें पाणी ठेवून बाकीचें उपसावें. वांकलेल्या कांचेस पट्टी चिकटविली तर ती वांकलेलीच राहते, म्हणून पाणी उपसून ती सरळ होऊं द्यावी. जुन्या सिलिकोनवर नवें नीट धरत नाहीं. तेव्हां पात्यानें तें खरवडून जागा स्पिरिटानें पुसावी व कोरडी करावी. प्रथम लांबीच्या पट्ट्या कांठाखालीं २ सें. मी.वर, खालून लांकडी टेकू देऊन बसवाव्या. दोन दिवसांनीं आडवी पट्टी मध्यभागीं त्यांच्यावर टेकवून चिकटवावी. अशानें प्रत्येक बाजूस ७५ चौ. सें. मी. जोड मिळतो, नुसती कड कांचेस भिडविली असती तर तो १५ च मिळाला असता.

सिलिकोन हवेंतील ओलाव्यानें बाहेरून आंत वाळत जातें, म्हणून रुंद जोडास दोन आठवडे द्यावे. मग चतुर्थांश चतुर्थांश पाणी भरीत जावें आणि पुन्हां मोजावें. मध्यभाग बांधला गेल्यानें वांक पुष्कळच कमी झालेला आढळेल.

आमच्या नातवानें या योजनेवर एकच आक्षेप घेतला : "आबा, पट्टी दिसेल ना!" मीं म्हटलें, "दिसेल. आपल्या माजघराची तुळईही दिसते; तिच्याखालीं तूं निर्धास्त निजतोस." त्यावर त्यानें वादही केला नाहीं आणि होकारही दिला नाहीं, पण दुसरे दिवशीं माप घेऊन तोच कांचवाल्याकडे गेला.

असो. ज्यांच्या घरीं असा हौद आहे, त्यांनीं निदान मोजपट्टी तरी आजच लावून पाहावी. त्यास पांच मिनिटें पुरतात आणि मासेही हलवावे लागत नाहींत.