‘फियॉर्ड’ कोणाचा?

हिमनदीने कोरलेल्या, उंच कड्यांमधील दरीत समुद्र शिरला म्हणजे फियॉर्ड होतो, ही भूगोलाच्या पुस्तकांतील व्याख्या हाती घेऊन कित्येक पंडित नॉर्वेच्या नकाशासच दोष देतात. रान्सफियॉर्ड व तिरिफियॉर्ड ही तर गोड्या पाण्याची सरोवरे. त्यांस हे नाव का? ऑस्लोफियॉर्ड तर खरा फियॉर्डच नव्हे! आम्हांस हा न्याय उफराटा वाटतो. शब्द प्राचीन नॉर्स भाषेतून आलेला. जाणे, पार होणे या अर्थाच्या धातूशी व्युत्पत्तिकार त्याचे नाते जोडतात. पाणी खारे की गोडे, कडे उंच की ठेंगणे, हा भेद त्या बोलीने मानलाच नाही. २०० किलोमीटरांहून लांब व १,३०० मीटर खोल असा सोग्नेफियॉर्ड पाहून परक्यांनी शब्दाचा एकच अर्थ उचलला व त्याची शास्त्रीय संज्ञा केली. ती खुशाल करावी. परंतु उसने नेणाऱ्याने धन्यालाच हिशेब शिकवू नये.

आम्हां मराठी लोकांस हे दुःख परके नाही. सह्याद्री चढण्याची वाट तो आमचा घाट. इंग्रजांनी सबंध डोंगररांगेसच ते नाव दिले, आणि ‘पश्चिम घाट’ आमच्याच पुस्तकांत रूढ झाला. म्हणून उद्या कोणी बोरघाट हा पर्वत नव्हे, सबब घाट नव्हे, असे म्हणाल्यास आपण हसूच. नॉर्वेतील सरोवरास काय म्हणावे, हेही त्याच्या काठी राहणाऱ्यांनी कधीच ठरविले आहे.